मेमरीच्या श्रेणी: वेगवेगळ्या जातींच्या मेमरीची वर्गवारी ऑपरेटिंग सिस्टिमने कशी करावी?

अनुस्वार

एकाच यंत्रात दोन-तीन जातींची मेमरी असणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली एचबीएम, मदरबोर्डावरच्या स्लॉटांतली डीडीआर ५ (म्हणजे नेहमीची डीरॅम) आणि पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने जोडलेली सीएक्सएल मेमरी या तिन्ही प्रोसेसरला साध्या लोड-स्टोअर सूचनांनी वाचता-लिहिता येतात. लिनक्स त्यांना केवळ वेगवेगळे न्यूमा नोड, म्हणजे कमी-अधिक अंतरावरचे मेमरीचे (आणि काही वेळा प्रोसेसरांचेही) गट, म्हणून पाहते. त्यांचा वेग, क्षमता आणि किंमत मात्र अगदी भिन्न असते.

लिनक्सच्या ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, 'मेमरी टिअर' (मेमरीच्या श्रेणी) ही रचना स्पष्टपणे आली. प्रत्येक नोडाला एक 'अमूर्त अंतर' दिले जाते (आकडा लहान म्हणजे मेमरी वेगवान), ज्यांची अंतरे जवळजवळ आहेत असे नोड एका श्रेणीत जमा होतात, आणि वरच्या श्रेणीत जागा कमी पडू लागली की तिथली थंड पडलेली, म्हणजे बराच काळ न वापरलेली, पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) खालच्या श्रेणीत हलवली जातात.

माझी शंका मुळाशीच आहे. मेमरीला किमान दोन स्वतंत्र गुण असतात: एक वाचन पूर्ण व्हायला लागणारा विलंब, आणि सेकंदाला एकूण किती डेटा वाहून नेता येतो ती बँडविड्थ. दोन गुणांच्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या करायच्या, तर कुठल्या तरी गुणावर अन्याय होणारच. मग ही रांग नेमकी कोणत्या निकषावर लावावी, ती कोणी लावावी (फर्मवेअरने, कर्नलने की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने), आणि अशी एकच रांग असणे मुळात योग्य आहे का? ज्यांनी अशी यंत्रे प्रत्यक्ष चालवली आहेत त्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडतील.

यंत्रवेडा

निकष विलंबाचाच असावा असे मला वाटते. प्रोसेसर एखाद्या पत्त्यावरच्या डेटाची वाट पाहत थांबतो तेव्हा त्याला बँडविड्थशी काही देणेघेणे नसते. सर्व नोड विलंबाप्रमाणे क्रमाने लावले की काम झाले. यात गुंतागुंत कुठे आहे?

तळटीप

गुंतागुंत कुठे आहे हे कळायला ६.१ च्या आधी काय होते ते पाहणे उपयोगी ठरेल.

२०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत पर्सिस्टंट मेमरी (वीज गेली तरी डेटा टिकवणारी) साध्या रॅमप्रमाणे एका नोडाच्या रूपात जोडण्याची सोय आली. २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत डिमोशन आले. तोपर्यंत जागा मोकळी करताना कर्नल थंड पेज एकतर टाकून देत असे किंवा स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, लिहीत असे. आता ते संथ नोडावर हलवण्याचा तिसरा पर्याय मिळाला. पण 'संथ नोड' कोणता, हे ठरवण्याची पद्धत अगदी ढोबळ होती. ज्या नोडात प्रोसेसर आहेत ते सगळे सर्वांत वरचे, आणि बाकीचे नोड अंतराच्या तक्त्यानुसार त्यांच्या खाली.

इंटेलच्या ऑप्टेन डिमसाठी (पर्सिस्टंट मेमरीसाठी) हे ठीक चालले, कारण त्या नोडात प्रोसेसर नसतो आणि तो खरोखरच संथ असतो. एचबीएमचा स्वतंत्र नोड असेल तर मात्र सगळे उलटे होते. त्या नोडातही प्रोसेसर नसतो, म्हणून कर्नल त्याला खालचा समजते आणि डीरॅममधली थंड पेजेस नेमकी सर्वांत मौल्यवान मेमरीत नेऊन भरते. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसर नसलेला पण साध्या डीरॅमचाच नोड दिला असेल, तर एकाच जातीच्या दोन नोडांत विनाकारण उच्च-नीच ठरते. एखाद्या नोडातले सगळे प्रोसेसर ऑफलाइन केले तर त्याची पातळीच बदलते, जरी त्यातली मेमरी तीच असली तरी. शिवाय प्रत्येक नोडाने कुठे उतरायचे याचा मार्ग आखून दिलेला असल्याने ठरलेला नोड भरला की शेजारच्या तितक्याच संथ नोडात जागा असूनही तिचा उपयोग होत नसे.

६.१ मधल्या रचनेने श्रेणी प्रोसेसरच्या अस्तित्वापासून सोडवून मेमरीच्या उपकरणाला बांधली, हा तिचा खरा लाभ आहे. त्यात डीरॅमचे अमूर्त अंतर ५७६ धरले आहे आणि १२८ च्या एका खंडात येणारे सर्व नोड एका श्रेणीत जातात. म्हणून साध्या यंत्रावर सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलरूपात दाखवते तिथे) पाहिले तर श्रेणी क्रमांक ४ दिसते. ज्या उपकरणाची अधिक माहिती नाही आणि जे डॅक्सच्या (अशी जादा मेमरी थेट जोडणाऱ्या) ड्रायव्हरमार्फत जोडले गेले, त्याला डीरॅमच्या पाचपट म्हणजे २८८० हे अंतर मिळते आणि ते श्रेणी २२ मध्ये जाते. क्रमांक जितका लहान तितकी मेमरी वेगवान. मधले क्रमांक मुद्दाम रिकामे ठेवलेले आहेत.

संथप्रवाह

यंत्रवेडा यांच्या सूचनेला एक प्रत्यक्ष घडलेला अपवाद आहे. इंटेलचा २०१६ सालचा 'नाइट्स लँडिंग' हा झिऑन फाय प्रोसेसर आठवा. त्याच्या पॅकेजमध्ये १६ गिगाबाइट एमसीडीरॅम होती आणि बाहेर डीडीआर ४. एमसीडीरॅमची बँडविड्थ सेकंदाला ४०० गिगाबाइटांहून अधिक, तर डीडीआर ४ ची साधारण ९० च्या घरात. मात्र रिकाम्या यंत्रावर एकाच वाचनाचा विलंब मोजला, तर एमसीडीरॅमचा विलंब डीडीआरपेक्षा थोडा जास्तच भरत असे.

विलंबाप्रमाणे रांग लावली असती तर एमसीडीरॅम डीडीआरच्या खाली गेली असती आणि ज्या गणनांसाठी तो प्रोसेसर घडवला त्यांनाच तिचा लाभ मिळाला नसता. मोठ्या अ‍ॅरेवर सलग चालणाऱ्या गणनेला विलंब फारसा जाणवत नाही, कारण पुढचा डेटा आधीच मागवून ठेवता येतो; पॉइंटरमागून पॉइंटर शोधत जाणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र प्रत्येक पावलाला पूर्ण विलंब मोजावा लागतो. म्हणजे कोणती मेमरी 'वेगवान' हे प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे. त्या यंत्रावर फ्लॅट मोडमध्ये (दोन्ही मेमरी वेगवेगळ्या दिसतात त्या मांडणीत) एमसीडीरॅमचा नोड मुद्दाम दूरचा दाखवला जाई, म्हणजे साधी मागणी आपोआप तिथे जाऊ नये आणि ज्याला हवी त्याने न्यूमाकंट्रोल या आज्ञेने मागून घ्यावी. वर्गवारीचा प्रश्न तिथे सोडवलाच नव्हता. तो वापरणाऱ्यावर सोपवला होता.

उत्तररात्र

संथप्रवाह यांच्याशी सहमत. वापरणाऱ्यावर सोपवण्याची ही रीत १९८५ सालच्या अमिगामध्येही होती. तिथे चित्र आणि ध्वनी हाताळणाऱ्या चिपांना दिसणारी 'चिप रॅम' आणि केवळ प्रोसेसरसाठी असलेली 'फास्ट रॅम' असे दोन प्रकार होते, आणि मेमरी मागतानाच कोणती हवी ते सांगता येई. काहीच सांगितले नाही तर सिस्टिम आपल्या यादीतल्या प्राधान्यक्रमाने, म्हणजे आधी फास्ट आणि ती नसेल तर चिप, अशी देत असे. प्राधान्यक्रम असलेली मेमरीची यादी ही श्रेणीच नव्हे काय?

मुक्तछंद

ती वाटपाची श्रेणी होती, स्थलांतराची नव्हती, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. अमिगामध्ये एकदा मिळालेला तुकडा जिथे आहे तिथेच राहत असे, कारण पत्ता बदलून देणारे पेजिंगच तिथे नव्हते. आजच्या श्रेणींचा सगळा जीव पेज मागाहून हलवता येण्यात आहे, आणि त्याचे मूळ आणखी मागे सापडते.

मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२ मध्ये १६ हजार शब्दांची कोअर मेमरी आणि ९६ हजार शब्दांचा चुंबकीय ड्रम होता. ५१२ शब्दांचे एक पेज असे, आणि प्रोग्रॅमला ही सगळी एकच सलग साठवण भासत असे. कोणते पेज ड्रमवर पाठवावे हे ठरवणारा भाग प्रत्येक पेज किती वेळ वापरात होते आणि किती वेळ निष्क्रिय, याची नोंद ठेवून अंदाज बांधत असे. 'थंड पेज ओळखा आणि खाली पाठवा' हे वाक्य साठ वर्षांहून जुने आहे.

मला त्याहून जवळचे उदाहरण आयबीएमच्या १९८५ सालच्या ३०९० यंत्राचे वाटते. त्यात मुख्य मेमरीशिवाय 'एक्सपांडेड स्टोरेज' होते. त्यातला बाइट प्रोसेसरला थेट वाचता येत नसे. ४ किलोबाइटचे पूर्ण पेज एका सूचनेने मुख्य मेमरीत आणावे लागे, आणि ते इतक्या लवकर येई की डिस्कसारखे काम बाजूला ठेवून वाट पाहण्याची गरज नसे. पुढे ६४ बिटांचे पत्ते आले, मुख्य मेमरीच हवी तेवढी मोठी करता येऊ लागली आणि हा मधला थर निघून गेला. मधले थर तंत्रज्ञानातल्या एखाद्या दरीमुळे जन्मतात आणि दरी बुजली की नाहीसे होतात. ज्या कर्नलला पुढची पन्नास वर्षे चालायचे आहे त्याने उपकरणाच्या नावावर श्रेणी बांधू नयेत. नावाऐवजी 'अंतर' हा आकडा निवडला, ते मला दूरदृष्टीचे वाटते.

यंत्रवेडा

उदाहरणे पटली. पण पेज थंड आहे की गरम हे कर्नलला कळते कसे? प्रत्येक वाचनाची नोंद ठेवणे तर शक्य नाही.

तळटीप

खाली पाठवणे आणि वर आणणे यांची उत्तरे वेगळी आहेत, आणि दुसरे अधिक अवघड आहे.

खाली पाठवताना कर्नल नेहमीच्याच याद्या वापरते. पेज टेबलमधला (कोणता पत्ता कोणत्या पेजाचा ते सांगणाऱ्या तक्त्यातला) 'वापरले गेले' हा बिट हार्डवेअर आपोआप लावते. काही काळ तो लागला नाही तर पेज निष्क्रिय यादीत सरकते आणि जागेची चणचण झाली की केस्वॅपडी (कर्नलमधला जागा मोकळी करणारा धागा) त्याला खालच्या श्रेणीत पाठवते.

वर आणण्यासाठी २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत न्यूमा बॅलन्सिंगला (पेजेस योग्य नोडावर हलवणाऱ्या यंत्रणेला) नवा मोड दिला गेला. संथ नोडावरच्या पेजांची परवानगी कर्नल ठरावीक काळाने मुद्दाम काढून घेते. प्रोग्रॅमने त्या पेजाला हात लावला की फॉल्ट होतो, म्हणजे प्रोसेसर थांबून कर्नलला मध्ये बोलावतो, आणि परवानगी काढल्यापासून फॉल्ट होईपर्यंत किती वेळ गेला ते मोजले जाते. वेळ कमी म्हणजे पेज गरम. ही मर्यादा सुरुवातीला एक सेकंद असते आणि वर आणण्याचा वेग ठरवून दिलेल्या कमाल वेगाशी जुळावा म्हणून कर्नल ती स्वतःच वर-खाली करते. वरच्या नोडात येणाऱ्या पेजांसाठी थोडी जागा कायम मोकळी राहावी म्हणून केस्वॅपडीसाठी एक वेगळी, उंच पातळीही ठरवलेली आहे.

यात एक उणीव ध्यानात ठेवावी. हा फॉल्ट प्रोसेसच्या पेज टेबलात असलेल्या पेजांनाच होतो. फाइल साध्या रीड कॉलने वाचली जाते तेव्हा पेज कॅशमधली, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या प्रतींची, पेजेस कुठल्याही प्रोसेसच्या पत्त्यांत नसतात, त्यामुळे ती एकदा खाली गेली की कितीही वाचली तरी या मार्गाने वर येत नाहीत.

ओंजळ

तळटीप यांच्या शेवटच्या परिच्छेदातली उणीव आणि तिच्या उलट टोकाचा त्रास, दोन्हींचा मला अनुभव आहे.

आमच्याकडे डीरॅम आणि सीएक्सएल अशा दोन श्रेणी असलेल्या सर्व्हरवर मेमरीतच राहणारा डेटाबेस चालतो. दिवसभर त्याची वागणूक अपेक्षेप्रमाणे असे: सतत लागणाऱ्या नोंदी डीरॅममध्ये, जुन्या नोंदी खाली. पण अहवाल तयार करणारे काम सुरू झाले की सगळ्या क्वेरी एकाच वेळी मंदावत. ते काम संपूर्ण टेबल एकदा आरंभापासून शेवटपर्यंत चाळते. चाळणी पुढे सरकताना ज्या पेजांची परवानगी नुकतीच काढली होती त्यांना लगेच स्पर्श होई, म्हणून कर्नलच्या दृष्टीने ती गरम ठरत आणि वर येत. त्यांना जागा करून देण्यासाठी खरोखर उपयोगाची पेजेस खाली जात, आणि थोड्याच वेळात क्वेरींनी मागितल्यावर पुन्हा वर येत.

व्हीएमस्टॅटमधले (कर्नलच्या मेमरीविषयक आकडेवारीतले) दोन गणक, यशस्वी प्रमोशनांचा (पेज वर आणण्याचा) आणि केस्वॅपडीने केलेल्या डिमोशनांचा, समोरासमोर ठेवले तेव्हा दोन्ही जवळजवळ एकाच गतीने चढताना दिसले. दोन्ही एकाच गतीने चढत असतील तर मेमरी हलते आहे, पण मांडणी सुधारत नाही. प्रत्येक स्थलांतरात पेजाची नक्कल तर होतेच, शिवाय इतर कोअरांच्या टीएलबीमधून (पत्त्यांच्या छोट्या कॅशमधून) जुना पत्ता पुसावा लागतो, आणि अनेक धागे असलेल्या प्रोग्रॅमला हे दुसरे ओझे अधिक जाणवते. दोन मेगाबाइटची मोठी पेजेस असतील तर ४ किलोबाइटांच्या गरम भागापायी अख्खे दोन मेगाबाइट वर येतात.

प्रमोशनच्या कमाल वेगाचे मूळ मूल्य सेकंदाला ६५,५३६ मेगाबाइट आहे, म्हणजे व्यवहारात मर्यादा नसल्यासारखेच. ते बरेच खाली आणल्यावर आमचा त्रास पुष्कळ कमी झाला. श्रेणी कशा लावल्या आहेत याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन श्रेणींमधली ये-जा किती वेगाने होऊ द्यायची.

चौकट राजा

पेज बिचारे बढतीचा आदेश हाती पडेपर्यंत पदावनतीच्या यादीत गेलेले असते!

कृष्णविवर

ओंजळ यांचा अनुभव माझ्या मताला बळच देतो. कर्नल जे पाहते तो केवळ स्पर्श असतो, हेतू नव्हे. 'मी हे टेबल एकदाच चाळणार आहे' हे डेटाबेसला ठाऊक असते, कर्नलला कधीच कळणार नाही. म्हणून श्रेणी ठरवणे आणि पेजेस ठेवणे हे दोन्ही अ‍ॅप्लिकेशनकडेच असावे. त्यासाठी साधने आहेत: एमबाइंड या सिस्टिम कॉलने पत्त्यांचा पट्टा विशिष्ट नोडांना बांधता येतो, ५.१५ पासून एकाहून अधिक नोडांना पसंती देता येते, आणि मेमकाइंडसारख्या लायब्ररीने 'जास्त बँडविड्थची मेमरी द्या' असे नोडाचा क्रमांक न सांगताही मागता येते. डेटाबेस, जावाची व्हर्च्युअल मशीन, वैज्ञानिक गणनेच्या लायब्ररी यांना आपल्या डेटाची जाण कर्नलपेक्षा कितीतरी चांगली असते.

कर्नलने फक्त खरे आकडे दाखवावेत. २०१७ च्या एसीपीआय ६.२ या (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या) मानकात एचमॅट नावाचा तक्ता आला, त्यात कोणत्या प्रोसेसरपासून कोणत्या मेमरीपर्यंत किती विलंब आणि किती बँडविड्थ हे दोन्ही स्वतंत्रपणे लिहिता येते, आणि लिनक्स ते प्रत्येक नोडाखाली सिसएफएसमध्ये दाखवते. दोन आकडे मिळत असताना त्यांचा एक करण्याची गरजच काय?

ओंजळ

कृष्णविवर, तुमचा मुद्दा एकाच प्रोग्रॅमने व्यापलेल्या यंत्राला लागू पडतो, आणि तिथे मी पूर्ण सहमत आहे. परंतु जिथे अनेक कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रॅम) शेजारी शेजारी चालतात तिथे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपला डेटा वेगवान श्रेणीतच ठेवू इच्छिते आणि शेजाऱ्याची गरज कोणालाच दिसत नाही. निवाडा करणारा कोणीतरी मध्ये लागतोच, आणि ते काम कर्नलचे आहे.

आज कर्नल हा निवाडा नीट करत नाही, ही माझी तक्रार आहे. सी-ग्रुपच्या (प्रोसेसच्या गटांना वाटा ठरवून देणाऱ्या सोयीच्या) मेमरीच्या मर्यादा एकूण बाइट मोजतात. त्यांतले किती डीरॅममध्ये आणि किती सीएक्सएलमध्ये, याचा विचार करत नाहीत. कंटेनरला संरक्षण म्हणून अमुक इतकी मेमरी दिली, तरी ती सगळी संथ श्रेणीत असू शकते आणि कागदोपत्री वचन पाळलेले राहते. डिमोशन सुरू करण्याच्या पर्यायाच्या दस्तऐवजातही सुरुवातीपासून इशारा होता की त्यामुळे पेज सीपीयूसेटने (प्रोसेसने कोणते प्रोसेसर आणि नोड वापरावेत ते ठरवणाऱ्या सोयीने) आखलेल्या नोडांच्या बाहेर जाऊ शकते. श्रेणीनिहाय वाटा ठरवता आला, तर अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रांवर श्रेणींना पूर्ण अर्थ येईल.

पानगळ

आतापर्यंतच्या चर्चेत झेडस्वॅप आणि झेडरॅम यांचा उल्लेख आला नाही याचे आश्चर्य वाटते. दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली मेमरी ही सुद्धा एक श्रेणीच आहे: डीरॅमपेक्षा संथ, एसएसडीपेक्षा कितीतरी वेगवान, आणि तिला वेगळे हार्डवेअर लागत नाही. झेडस्वॅप २०१३ पासून लिनक्समध्ये आहे. गूगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ती आपल्या डेटा सेंटरांत 'दूरची मेमरी' म्हणूनच वापरल्याचे सांगितले होते. त्यांनी पेज किमान १२० सेकंद अस्पर्श राहिले तर थंड धरले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर येणाऱ्या पेजांच्या वेगावर बंधन घातले: दर मिनिटाला वापरातल्या पेजांच्या ०.२ टक्क्यांहून अधिक पेजेस परत येऊ नयेत. ओंजळ यांनी ये-जा किती होऊ द्यायची हा जो प्रश्न मांडला, त्याचेच हे आकड्यांतले उत्तर आहे.

असे असूनही कर्नलच्या मेमरी टिअरच्या यादीत झेडस्वॅप दिसत नाही. यादीत केवळ नोड असतात. मला हे अपुरे वाटते, कारण सीएक्सएल नोड भरला की पुढची पायरी झेडस्वॅप आणि त्यापुढची डिस्क, अशी एकच उतरंड प्रत्यक्षात असते.

मुक्तछंद

पानगळ, उतरंड एकच असली तरी तिच्यात एक स्पष्ट रेघ आहे. सीएक्सएलमधला बाइट प्रोसेसर थेट वाचू शकतो, त्यामुळे पेज खाली असले तरी प्रोग्रॅम चालूच राहतो, फक्त थोडा मंद. झेडस्वॅपमधल्या पेजाला स्पर्श झाला की ते उलगडून वर आणावेच लागते. तिथे आणायचे की नाही असा प्रश्नच उरत नाही. पहिल्या प्रकारात वर आणणे हा निर्णय असतो, दुसऱ्यात ती सक्ती असते. मी वर सांगितलेले एक्सपांडेड स्टोरेज या रेघेच्या दुसऱ्या बाजूचे होते. दोन्ही प्रकार एका यादीत घातले तर कर्नलला प्रत्येक पावलावर 'हा कोणत्या जातीचा' असे विचारावे लागेल.

साशंक

ऑप्टेन २०२२ मध्ये बंद होत असल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही रचना कर्नलमध्ये आली. ज्या उपकरणासाठी हा खटाटोप सुरू झाला तेच राहिले नाही, मग ही मेहनत कोणासाठी?

संथप्रवाह

सीएक्सएलसाठी, साशंक. ऑप्टेनचे वाचन डीरॅमपेक्षा साधारण तिपटीने संथ होते आणि लिहिण्याची बँडविड्थ त्याहून तोकडी. सीएक्सएलमध्ये पलीकडे डीरॅमच असते. जास्तीचा वेळ जातो तो मधल्या दुव्यात आणि कंट्रोलरमध्ये. थेट जोडलेल्या सीएक्सएल मेमरीचा विलंब ढोबळमानाने दुसऱ्या सॉकेटवरच्या मेमरीच्या पंगतीत बसतो, म्हणजे सॉफ्टवेअरने पूर्वीपासून सोसलेल्या विलंबाच्या जवळपास.

पण सीएक्सएलमुळेच अनुस्वार यांच्या मूळ प्रश्नाची धार वाढते. समजा डीडीआर सेकंदाला ३०० गिगाबाइट देते आणि सीएक्सएल ६०. डीडीआरची वाट पूर्ण भरून वाहत असताना तिथल्या वाचनाचा विलंब रिकाम्या यंत्रावरच्या विलंबाच्या कितीतरी पट वाढतो, आणि त्या क्षणी 'संथ' सीएक्सएल प्रत्यक्षात वेगवान ठरू शकते. अशा वेळी सगळी गरम पेजेस वरच्या श्रेणीत कोंबणे हेच चूक. पाचास एक या प्रमाणात पेजेस दोन्हीकडे वाटली तर दोन्ही वाटा एकदम भरतात आणि एकूण ३६० गिगाबाइट मिळू शकतात. २०२४ मध्ये ६.९ आवृत्तीत आलेले भारित इंटरलीव्ह नेमके हे करते: प्रत्येक नोडाला वजन द्यायचे आणि पेजेस त्या प्रमाणात वाटायची. त्याला वर-खाली हा भेदच मान्य नाही. क्षमता कमी पडते तेव्हा श्रेणी उपयोगी, बँडविड्थ कमी पडते तेव्हा वाटणी उपयोगी.

कृष्णविवर

याला एनव्हिडियाच्या ग्रेस हॉपरची जोड द्या. तिथे प्रोसेसरची ४८० गिगाबाइटांपर्यंत एलपीडीडीआर ५ एक्स आणि जीपीयूची ९६ गिगाबाइट एचबीएम ३ अशा दोन्ही मेमरी लिनक्सला नोड म्हणून दिसतात. एचबीएम जीपीयूला जवळ आणि प्रोसेसरला दूर. एलपीडीडीआर नेमकी उलट. त्या यंत्रात सर्वांत वरची श्रेणी कोणती, हे विचारणारा कोण आहे ते सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. सगळ्या यंत्रासाठी मिळून एकच रांग ही कल्पना तिथे मोडते.

अनुस्वार

सर्वांचे मनापासून आभार. पुष्कळ गोष्टी स्पष्ट झाल्या, आणि माझा मूळ प्रश्न आता अधिक नेमका विचारता येतो.

मुक्तछंद आणि तळटीप यांचे प्रतिसाद एकत्र वाचल्यावर मला असे वाटू लागले आहे की श्रेणी हे मेमरीच्या गुणवत्तेचे मोजमाप म्हणून पाहूच नये. जागा संपली तर पेजाने कोणत्या दिशेला जावे आणि कोणत्या दिशेला कधीच जाऊ नये, एवढेच ती सांगते. डीरॅममधून एचबीएममध्ये खाली ढकलले जाणे ही चूक टळली, की तिचे मुख्य काम झाले. या अर्थाने ती ढोबळ असणेच बरे; ५७६ हा आकडा ५१२ ते ६३९ या खंडाच्या मधोमध ठेवला आहे, त्यामुळे डीरॅमपासून साधारण ११ टक्क्यांपर्यंतचा फरक श्रेणी बदलत नाही आणि मोजणीतल्या क्षुल्लक चढउतारांनी पेजेस इकडून तिकडे हलत नाहीत. गरम डेटा कुठे असावा, किती वाटावा, कोणाचा वाटा किती, हे प्रश्न श्रेणीच्या माथी मारले की ती अपुरी वाटते. भारित इंटरलीव्ह, एमबाइंड, सी-ग्रुप यांचा तो प्रांत आहे.

मग उरतो एकच मुद्दा: हा दिशादर्शक आकडा तरी विलंब आणि बँडविड्थ यांतून नेमका कसा काढला जातो?

तळटीप

जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीपासून एचमॅटमधल्या आकड्यांवरून अंतर काढले जाते, आणि सूत्र अगदी साधे आहे. डीरॅमचे ५७६ घ्यायचे, त्याला उपकरणाचा विलंब डीरॅमच्या किती पट आहे त्याने गुणायचे, आणि बँडविड्थ किती पट आहे त्याने भागायचे.

संथप्रवाह यांच्या उदाहरणातल्या धर्तीवर समजा, एका मेमरीचा विलंब डीरॅमच्या १.२ पट पण बँडविड्थ चौपट आहे. अंतर साधारण १७३ येते, म्हणजे श्रेणी १. ती डीरॅमच्या वर जाते, आणि ते योग्यच आहे. विलंब दुप्पट आणि बँडविड्थ निम्मी असलेल्या मेमरीचे अंतर २३०४ येते, म्हणजे श्रेणी १८, डीरॅमच्या बरीच खाली. हेही योग्य.

आता विलंब दुप्पट आणि बँडविड्थही दुप्पट अशी मेमरी घ्या. गुणाकार-भागाकार होऊन पुन्हा ५७६ उरतात आणि ती डीरॅमच्याच श्रेणीत बसते. पॉइंटरांमागे धावणाऱ्या प्रोग्रॅमला ती निम्म्या वेगाची भासेल, अ‍ॅरे चाळणाऱ्याला दुप्पट वेगाची. या दोघींमध्ये डिमोशन होणार नाही. अनुस्वार, तुमच्या 'दिशा' या व्याख्येनुसार हे बरोबरच मानावे लागेल, कारण इथे कोणती बाजू खालची हे सांगताच येत नाही.

कृष्णविवर

हे सूत्र पाहून माझा विरोध थोडा सौम्य झाला, पण एक अट कायम आहे. सूत्र फर्मवेअरने दिलेल्या आकड्यांवर उभे आहे. एचमॅट कोरा ठेवलेली किंवा दोन वेगळ्या जातींच्या मेमरीला तेच आकडे लिहिलेली यंत्रे मी पाहिली आहेत. त्यामुळे नवे यंत्र हाती आले की मी डिमोशन सुरू करण्याआधी सिसएफएसमधली श्रेणींची यादी, प्रत्येक श्रेणीतले नोड आणि प्रत्येक नोडाचे विलंब-बँडविड्थचे आकडे पाहतो, आणि मग स्वतः मोजलेल्या आकड्यांशी ते ताडतो. तफावत असेल तर डिमोशन बंद ठेवून नोड हातानेच बांधतो.

ओंजळ

त्या मोजणीत एक भर घालावी, कृष्णविवर. विलंब रिकाम्या यंत्रावर मोजला तसाच बँडविड्थ निम्मी-अधिक भरलेली असताना पुन्हा मोजावा. आमच्या यंत्रावर रिकाम्या स्थितीतले आकडे फर्मवेअरशी चांगले जुळत होते. भार चढवल्यावर सीएक्सएलचा विलंब डीरॅमच्या कितीतरी आधी चढू लागला, आणि प्रमोशनचा कमाल वेग कुठे ठेवायचा हे आम्हाला त्या दुसऱ्या मोजणीवरूनच ठरवता आले.